दुसऱ्या रांगेतली वरमाय

विमानाचं तिकीट काढायला गेलात आणि दुकानातल्या पोराने विचारलं, "मासी, सीट कुठली पाहिजे?" तर पुढची मागू नका. आधी हे सांगून टाकते, मग बाकीचं. आमच्या बमरोलीच्या भिशीतल्या बायका मी परत आल्यापासून पाठीच लागल्यात. भीती वाटली का, कानात दडे बसले का, वर खायला काय देतात? भीती नाही वाटली. दडे बसले. खायला देत नाहीत, विकत घ्यावं लागतं. पण खरं जे झालं ते यातलं काहीच नाही. ते तोंडी सांगायला गेले की माझा आवाज चढतो आणि शेजारणी गॅलरीत येतात, म्हणून लिहून काढते आहे.

आम्ही मूळचे पारोळा तालुक्यातले. लग्न होऊन मी सुरतेला आले ती इथलीच झाले. माझे मिस्टर पांडेसऱ्याला एका डाइंग मिलमध्ये मास्टर आहेत, कापडावर रंग नीट बसला का ते बघतात. मी घरी साड्यांना चमकीच्या टिक्या लावते. मुलगा भूषण सुरतेजवळच्या सचिन गावात एका कारखान्याच्या लॅबमध्ये होता, सून कोमल तिथेच जवळ एका ऑफिसात. आणि नात गार्गी, चार वर्षांची. घर त्यांचं तिकडेच, वेगळं. आईबाप दोघं नोकरीवर, म्हणून गार्गीला सांभाळायला आम्ही दोघी आज्यांनी आठवडा वाटून घेतला होता. सोम-मंगळ-बुध मी. गुरू-शुक्र-शनी कोमलची आई, म्हणजे माझ्या विहीणबाई.

विहीणबाई डिंडोलीला त्यांच्या मुलाकडे राहतात. मिस्टर नाहीत. बावीस वर्षं अंगणवाडीत काढली. तीस पोरं एका गोष्टीवर गप्प बसवणारी बाई ती! मी एका पोरीला चार घास भरवायचे तर अख्खं घर फिरते. गुरुवारी त्यांची रिक्षा खाली थांबली की गार्गी "नानी, नानी" करत दाराकडे पळायची. सोमवारी मी जायचे तेव्हा झोपलेली असायची. आता मी सकाळी सातलाच जायचे, पोर झोपलेलीच असणार, हे मला कळतं. पण कळतं सगळ्यांनाच, वळत नाही ना.

तर भूषणला बंगळूरला नोकरी लागली, मागोमाग कोमललाही. गार्गी पूर्ण दिवसाच्या शाळेत जाईपर्यंत वर्षभर एका आजीने तिकडे राहायचं ठरलं. एकाच, कारण घर लहान, दोघी मावणार नाहीत. कोणती आजी, ते मात्र ठरलं नव्हतं. भूषण म्हणाला, "दोघी चला, आठ दिवस राहा, मग बघू." मला राहायचं होतं. असं तसं नाही, रात्रंदिवस डोक्यात तेच. मिस्टरांना विचारलं तर म्हणाले, "तू बिनधास्त जाय. मन्हं मी करी लिसू." त्यांना फक्त कुकर लावता येतो. तेवढ्या भरवशावर मी वर्षभर त्यांना सोडायला निघाले, यावरून काय ते समजा.

तिकिटाचं दुकान

भूषण आधीच बंगळूरला गेला होता, आम्हाला न्यायला परत येणार होता. त्यामुळे तिकीट काढायला मी आणि विहीणबाई गेलो, आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दुकान आहे तिथे. रेल्वेचं, बसचं, विमानाचं, सगळं तोच पोरगा काढतो. त्याने मोबाइलवर एक चित्र दाखवलं. सगळे चौकोनच चौकोन, काही रंगीत, काही पांढरे. "ये सीट है, मासी. बोलो, कौन सी?"

आता आमच्याकडची रीत सांगते. वऱ्हाड निघालं की जीपमध्ये पुढची जागा वरमायची. मागे सगळे कोंबलेले असतात, पोरं एकमेकांच्या मांडीवर, कोणाला तरी उलटी होत असते. वरमाय पुढे, डायव्हरशेजारी, पदर सावरून. भूषणच्या लग्नात मी तशीच गेले होते. मुलाची आई मी. मग विमानात मागे का बसू?

"मेरे को एकदम आगे का," मी म्हटलं.

"आगे का पैसा ज्यादा लगेगा."

"लगने दो."

दुसऱ्या रांगेत मिळाली, मधली. मी विहीणबाईंकडे बघितलं. त्या बाकड्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "मला कुठेही चालेल, भाऊ. पोरांजवळ असले म्हणजे झालं." मला वाटलं, बघा, आपली पायरी ओळखून आहेत. खरं सांगते, बरं वाटलं मला.

पोरगा म्हणाला, "तो बाकी चारों का पीछे, इक्कीस नंबर में. चलेगा, मासी?"

"चलेगा नहीं तो क्या? हमारे में लड़की वाले पीछे ही बैठते हैं."

एकवीस म्हणजे किती मागे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. लक्झरी बसमध्ये रांगा असतात किती? दहा नाहीतर बारा. मला वाटलं, ही सगळी माझ्या पाठीमागेच असणार, मान वळवली की दिसतील. आणि गार्गीचं तर मी गृहीतच धरलं होतं. पोरगा म्हणाला चार वर्षांच्या मुलीला वेगळी सीट लागते, तेव्हा मी म्हटलं, "लिखो कहीं भी. बैठेगी तो मेरे गोद में." जीपमध्ये पोरं पुढे आजीच्या मांडीवरच बसतात. दोन्हीकडून काच, सगळं दिसतं त्यांना.

रात्री भूषणने तिकीट बघितलं आणि फोन केला. "आई, तू एकटीच पुढे? बदलू का?" बदल म्हणायला हवं होतं. पण स्पीकर चालू होता आणि विहीणबाई तेव्हा आमच्याकडेच जेवत होत्या. "असू दे," मी म्हटलं. "मला बरं पडतं पुढे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

डुमस रोडवरून

विमानतळ डुमस रोडला. लग्न झाल्यापासून त्या रस्त्याने किती वेळा गेलो, दर उन्हाळ्यात डुमसला भजी खायला. पण आत कधी पाय ठेवला नव्हता. आत गेल्यावर थंडगार. फरशी इतकी लख्ख की मी दोनदा चप्पल बघितली, काही चिकटून तर नाही आलं.

तिथे तपासणीत माझ्या पिशवीतली बरणी काढली. कैरीचं लोणचं, गार्गीला आवडतं म्हणून गुळातलं केलेलं. वर्दीतली मुलगी म्हणाली, हे आत नेता येत नाही, रसाचं आहे, मोठ्या बॅगेत टाकायला हवं होतं. मोठी बॅग तर केव्हाच पट्ट्यावरून गेली होती. मी म्हटलं, "बेटा, यह बम नहीं है, अचार है. चखके देखो." ती हसली, पण बरणी बाजूला ठेवली ती ठेवलीच. मागून विहीणबाई आल्या. त्यांच्या पिशवीत एक चित्रांचं पुस्तक, रंगीत खडू, गार्गीचा जादा फ्रॉक आणि मुरमुरे. सगळं सरळ पार. "तुमचं लोणचं?" मी विचारलं, कारण मला माहीत होतं त्यांनीही केलंय. "मोठ्या बॅगेत टाकलं. शेजारच्या पोरीला विचारून घेतलं होतं मी, काय काय चालत नाही ते."

विचारून घेतलं होतं! मग मला सांगायला काय झालं होतं? तसं म्हटलं तर मीही त्यांना विचारलं नव्हतं. पण त्यावेळी एवढा विचार कोण करतो. माझी बरणी तिथेच राहिली.

विमानात शिरलो. मी गार्गीला कडेवर घेतलेलं. माझी सीट लगेचच आली, दारापासून चार पावलांवर. ऐटीत बसले, गार्गीला मांडीवर घेतलं, पदर सारखा केला. भूषण, कोमल, विहीणबाई पुढे सरकले. आणि सरकतच राहिले. मी मान वळवून बघते तर लांब, लांब, पार शेपटाकडे. भूषणने तिथून हात केला तेव्हा तो मला गर्दीतल्या कोणाही माणसाएवढाच दिसत होता.

तेवढ्यात हवाईसुंदरी आली. इतकी गोड हसली की मला कळलं, काहीतरी वाईट सांगणार. मुलीची सीट वेगळी आहे, मांडीवर बसवता येणार नाही, पट्टा लावावा लागतो. मी म्हटलं, मी धरून बसते घट्ट. नियम आहे म्हणाली. मी म्हटलं, मग हिची सीट इथे आणा. त्यावर ती पुन्हा हसली.

मागून विहीणबाई आल्या. मला म्हणाल्या, "द्या ताई, मी नेते." आणि गार्गी, माझी गार्गी, दोन्ही हात पसरून त्यांच्याकडे गेली. जाताना तिने मला टाटा केला.

आकाशात

माझ्या शेजारी वराछ्याकडचे एक काका. पांढरे कपडे, गळ्यात जाड चेन. विमान वर जायच्या आधीच त्यांनी डबा उघडला. गुजराती माणूस बसला की डबा उघडतोच. आपण मात्र "जरा वेळाने" म्हणत पोचेपर्यंत उपाशी राहतो.

"लो बेन, खाखरो खाओ."

मी नको म्हटलं.

"फेमिली साथे छे?"

"हा. पाछळ."

"बधा पाछळ?" काकांनी खाखऱ्याचा तुकडा मोडला. "तो तमे आगळ केम बेठा?"

सगळे मागे, मग मी पुढे का? मी वरमाय आहे, असं गुजरातीत कसं सांगायचं? मी खिडकीबाहेर बघायला लागले. खिडकी काकांची होती, म्हणजे मी काकांच्या पोटावरून बघत होते. खाली तापी दिसली. घरं काड्यापेटीएवढी झाली, मिलची धुराडी दिसली. मिस्टर कुठल्या धुराड्याखाली असतील ते मी शोधत होते तोवर सगळं पांढरं झालं.

पहिल्यांदा आकाश बघत होते मी, आणि माझं सगळं लक्ष पाठीमागे. गार्गी काय म्हणाली असेल? पहिला ढग तिने कोणाला दाखवला असेल? "आजी बघ" म्हणाली असेल का चुकून? जीव नुसता जळत होता. बाई, तुमचे तीन दिवस तर तुम्हाला मिळतातच की. त्यात आज मंगळवार. मंगळवार माझा!

पट्ट्याचा दिवा विझला तशी मी उठले. दोन्ही बाजूंच्या सीटांच्या पाठी धरत धरत एकविसाव्या रांगेपर्यंत गेले. गार्गी खिडकीत. मधे विहीणबाई. कडेला कोमल, डोळे मिटून. वाटेच्या पलीकडे भूषण, तोही झोपलेला. विहीणबाईंची गोष्ट रंगात आली होती. ढग म्हणजे मिलमधलं न रंगवलेलं कापड, संध्याकाळी तुझे आजोबा येऊन त्याला गुलाबी रंग देणार, असलं काहीतरी. माझे मिस्टर, आणि गोष्ट यांची! मला हे कधी सुचलं नाही. इतकी वर्षं रंगाच्या वासात काढली, आणि सुचलं कोणाला?

मी म्हटलं, "विहीणबाई, तुम्ही पुढे जाऊन बसा ना थोडा वेळ. तिथे जागा मोठी आहे, पाय लांब करता येतात. तुमचे गुडघे दुखतात."

त्यांच्या तोंडावर काही दिसलं नाही. लगेच पट्टा सोडला. "हो हो, बसा ना ताई. तुमचीच नात." कोमलला हलवून उठवलं, बाहेर यायला लागल्या. तोच गार्गीने त्यांचा पदर धरला.

"नानी, नको जाऊ! गोष्ट अर्धी आहे."

"आजी सांगेल ना पुढची."

गार्गीने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही हो, अगदी समजुतीने. "आजीला येत नाही ती. आजी, तू तुझ्या सीटवर जा ना. तुझी सीट छान आहे."

कोमल झोपेतच म्हणाली, "आई, उतरल्यावर तुमच्याचकडे देते तिला." जशी काही पिशवी द्यायची आहे.

मी वळले तर पुढून खाण्याची गाडी येत होती. वाट बंद. पुढे जाता येईना, मागे जागा नाही. त्या गाडीने मला ढकलत ढकलत पार संडासापर्यंत नेलं आणि मी तिथे उभी राहिले. चौघांनी विचारलं, "आप लाइन में हो?" मी चौघांना पुढे जाऊ दिलं. पाचवा आला तेव्हा आत जाऊन आले, उगीच लोकांना काय वाटेल. आणि तिथे उभं राहून मला एकवीस नंबरची रांग मागून दिसत होती. दोन डोकी, एक पांढरं, एक छोटं, खिडकीला टेकलेली. त्या क्षणी मला विहीणबाईंचा इतका राग आला की देवाला म्हटलं, या बाईला थोडं तरी वाईट कर रे, म्हणजे मला नीट रागावता येईल.

बंगळूर

हवा मात्र मानली. आपल्याकडे उन्हाळ्यात पंखा पाचवर ठेवला तरी अंगाला पदर चिकटतो. तिथे मे महिन्यात पहाटे पांघरूण घेतलं. सकाळी लोक कोपऱ्यावरच्या हॉटेलात उभ्याने इडली खातात. उभ्याने आपणही सुरतेला हातगाडीवर लोचो खातो, पण हे साडेसातला, ऑफिसची बॅग दोन पायांत धरून, एका हाताने. कॉफी अर्ध्या ग्लासात देतात. आम्हाला वाटलं उरलेली मागून येईल. तेवढीच असते.

पहिल्या दोन दिवसांत मी कळण्याच्या भाकरी केल्या, शेवभाजी केली, बिबड्या भाजल्या. ओटा एवढासा, त्यात भाकरी थापायची म्हणजे कसरतच. मी घामाघूम होऊन बाहेर यायचे तर दाराशी विहीणबाई उकिडव्या बसलेल्या. शेजारची कानडी बाई रोज सकाळी उंबऱ्याबाहेर ठिपक्यांची रांगोळी काढायची, ती यांना शिकवत होती. हिला तिची भाषा येत नाही, तिला हिची येत नाही, आणि दोघी खो खो हसतायत. मधे गार्गी, हाताला रंग. तिसऱ्या दिवशी विहीणबाई भाजीवाल्याला "एष्टु" म्हणायला लागल्या. म्हणजे "केवढ्याला". मी मात्र बोटं दाखवत होते.

जेवताना भाकरी माझी, भाजी माझी, आणि भरवणार कोण? नानी. एक घास चिऊचा, एक घास विमानाचा. भूषण म्हणायचा, "आई, काय भाजी झालीय!" भूषणचं कौतुक मला तीस वर्षं मिळतंय. मला त्या चार वर्षांच्या पोरीचं हवं होतं.

शुक्रवारी कोमल आणि भूषण ऑफिसला गेल्यावर आम्ही दोघी गार्गीला घेऊन बाजारात गेलो. रविवारी भरीत करायचं माझ्या मनात होतं. भरीत माझं कोणी खाल्लं तर विसरत नाही. पण आपली हिरवी मोठी वांगी तिथे कुठे मिळायला? सगळीकडे लहान जांभळी. गार्गीचा हात माझ्या हातात होता. तो मी सकाळीच मागून घेतला होता, "आज मी धरते" म्हणून. विहीणबाई पलीकडे कोथिंबीर बघत होत्या. शेवटी एका म्हातारीकडे मोठी वांगी दिसली. आता भरिताचं वांगं घ्यायचं तर एकेका हातात एकेक घेऊन तोलावं लागतं. जे आकाराने मोठं आणि हाताला हलकं, त्यात बिया कमी. दोन्ही हात लागतात त्याला. मी दोन वांगी उचलली, तोलली, एक ठेवलं, दुसरं घेतलं. मग खाली बघितलं.

गार्गी नव्हती.

तो बाजार, ती भाषा, माणसांचे नुसते पाय. वांगी हातात तशीच धरून मी इकडे वळले, तिकडे वळले. "गार्गी" म्हणायचं सोडून मी "भूषण, भूषण" ओरडले, माय वं, तीस वर्षांपूर्वीच्या पोराला हाका मारल्यासारखी. किती वेळ गेला माहीत नाही. दोन मिनिटं असतील. समोरून विहीणबाई आल्या, कडेवर गार्गी, गार्गीच्या केसांत मोगऱ्याची दोन फुलं. चार दुकानं सोडून एक फुलवाली गजरे ओवत होती, तिथे जाऊन ही बसली होती.

विहीणबाई मोठ्याने म्हणाल्या, "हिला फुलं बघायची होती म्हणून नेलं मी, ताई." त्या म्हातारीला ऐकवल्यासारखं, आजूबाजूला थांबलेल्या लोकांना ऐकवल्यासारखं. मग हळू आवाजात मला, "घाबरू नका. काही झालेलं नाही." आणि माझ्या हातातली वांगी घेऊन पिशवीत टाकली.

घरी आल्यावर त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. संध्याकाळी नाही, शनिवारी नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, आता बोलतील, मग बोलतील. बोलल्या असत्या तर मी भांडले असते. तेही करू दिलं नाही त्यांनी मला.

रविवार

भरीत उत्तम झालं. बिया नव्हत्या. गार्गी जेवून आत चित्रं रंगवत बसली. आम्ही चौघं ताटांवरच होतो. भूषणने हात न धुता विषय काढला.

"आई, आम्ही दोघं बोललो. तू राहतेस का इथे?"

कोमल ताटात बघत होती. म्हणजे दोघं बोलले होते, पण भूषणच जास्त बोलला होता. मी विहीणबाईंकडे बघितलं. त्या ताटं एकात एक ठेवत होत्या. म्हणाल्या, "बरोबर आहे. घर मुलाचं, हक्क त्याच्या आईचा. मुलीच्या घरी आईने किती दिवस राहायचं? गावाकडे लोक नावं ठेवतात." आणि एकदाच आतल्या खोलीकडे नजर टाकली. बास. बाजाराचं एक अक्षर नाही.

मला हवं होतं ते ताटात वाढून आलं होतं. हो म्हणायचं, एवढंच. आता खरं काय ते सांगते, कारण भिशीतल्या बायकांना वाटतं मी फार मोठ्या मनाची. मनाचा मोठेपणा वगैरे काही नव्हता. त्या ताटं आवरत होत्या आणि मला दिसत होतं, ही बाई गप्प राहून मला नात देऊन टाकतेय. मी वर्षभर इथे राहणार, पोरीला न्हाऊ घालणार, शाळेत सोडणार, आणि रोज मला आठवणार की हे मला विहीणबाईंनी दिलंय. त्यांची गोष्ट, त्यांची रांगोळी, आणि वर त्यांचा मोठेपणाही? एवढं मला सोसलं नसतं. एक तरी गोष्ट मला त्यांच्यापेक्षा जास्त करायची होती.

मी म्हटलं, "शुक्रवारी बाजारात गार्गी हरवली होती. माझ्या हातून सुटली. वांगी बघत होते मी. यांनी शोधून आणली."

कोमल उठली, आत गेली आणि गार्गीला उचलून घेऊन आली. रंगाचा खडू गार्गीच्या हातातच होता. कोमलने तिला मांडीत घेतलं आणि दोन्ही हातांनी आवळून धरलं. "किती वेळ?" तिने विचारलं.

विहीणबाई म्हणाल्या, "अगं, दोन मिनिटं. माझ्याही हातून सुटली असती. गर्दीच तशी होती."

"मम्मी, तू राहा," कोमल म्हणाली. भूषणकडे तिने बघितलंही नाही. भूषणने माझ्याकडे बघितलं, मग उठून हात धुवायला गेला. नळ बराच वेळ चालू होता.

मी मंगळवारी निघाले. विहीणबाई खाली रिक्षापर्यंत आल्या. माझी पिशवी त्यांनीच धरली होती. वाकून माझ्या पाया पडल्या. मी त्यांच्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठी, पण मुलाची आई ना. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. म्हणाल्या, "ताई, खरं तर तुम्हीच राहायला पाहिजे होतं."

"हो," मी म्हटलं. "पाहिजे होतं."

लोक म्हणतात, चांगलं वागलं की मन हलकं होतं. माझं झालेलं नाही. इथे येऊन दीड महिना झाला. मिस्टरांनी कुकर लावून लावून तीन शिट्ट्यांचा भात आणि चार शिट्ट्यांची डाळ यात प्रगती केली आहे. सोम-मंगळ-बुध माझे रिकामे. मी टिक्या लावते, सुई बोटात शिरते.

रोज संध्याकाळी सहाला व्हिडिओ कॉल लावते. विहीणबाई लगेच उचलतात, कधी उशीर करत नाहीत, मोबाइल नीट समोर धरतात. गार्गी त्यांच्या मांडीवर असते. अर्ध्या पडद्यावर नात, अर्ध्यावर विहीणबाई. काल मला राहवलं नाही. मी म्हटलं, "विहीणबाई, जरा बाजूला सरका ना. पोर मला पूर्ण दिसत नाही."

"हो हो, सरकते ना," त्या म्हणाल्या, आणि सरकल्या. गार्गी मांडीवरच होती. तीही त्यांच्याबरोबर सरकली.